जातिवंत पिल्लू, ४८ तासांची हमी आणि त्यानंतरचं बिल

कुत्र्याचं पिल्लू घरी आल्यावर पहिले दोन दिवस सगळं ठीक वाटतं. ते थोडं कमी खातं, जास्त झोपतं. विक्रेत्यानं आधीच सांगून ठेवलेलं असतं की आईपासून तुटलंय, जागा नवी आहे, रुळायला वेळ लागेल. तिसऱ्या दिवशी ते वाटीकडे बघतही नाही. चौथ्या दिवशी उलट्या सुरू होतात, पिवळट फेस पडतो. पाचव्या दिवशी शी पाण्यासारखी, रक्त मिसळलेली, आणि तिला एकदा घेतला की विसरता येत नाही असा कुबट वास. डॉक्टर शीचा नमुना पट्टीवर टाकतात आणि थोड्याच वेळात दुसरी रेषा उमटते: पार्वो, म्हणजे आतड्याचा जीवघेणा विषाणूजन्य आजार. विक्रेत्याला फोन लावावा तर उत्तर तयार असतं, "हमी ४८ तासांची होती. आमच्याकडून निघालं तेव्हा ठणठणीत होतं."

फसवणूक नेमकी त्या ४८ तासांत आहे. पार्वोचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण ३ ते ७ दिवस जातात, कधी दोन आठवडेही. डिस्टेंपर या दुसऱ्या विषाणूजन्य आजाराला आठवडा-दोन आठवडे सहज लागतात, आणि त्याचे झटके, स्नायूंचं उडणं तर पिल्लू बरं झाल्यासारखं वाटल्यावरही सुरू होऊ शकतं. म्हणजे चौथ्या दिवशी आजारी पडलेल्या पिल्लाला लागण बहुधा विक्रेत्याच्या जागेतच झालेली असते. हमीत ४८ किंवा ७२ तास लिहिणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. संसर्गजन्य आजारांसाठी निदान १४ दिवसांची लेखी हमी नसेल तर त्या कागदाला काही किंमत नाही. त्यातही "पैसे परत नाहीत, पिल्लू बदलून मिळेल" हे वाक्य नीट वाचा. बदलून मिळणारं पिल्लू त्याच जागेतून येतं, त्याच विषाणूतून, आणि ते तुमच्या ज्या घरात येणार त्या घरात आता पार्वो आहे.

उपचार म्हणजे बहुतेक वेळा दवाखान्यात ५ ते ७ दिवस: सलाईन, उलटी थांबवणारी इंजेक्शनं, अँटिबायोटिक, साखर आणि पोटॅशियमवर लक्ष. विषाणूवर थेट औषध देऊन तो मारला असं सहसा होत नाही. आतड्याचं अस्तर पुन्हा येईपर्यंत पिल्लाला तगवून धरायचं असतं. वेळेत उपचार झाले तर बरीच पिल्लं वाचतात, न झाले तर बहुतेक दगावतात. या आठवड्याचं बिल पुष्कळदा पिल्लाच्या किमतीच्या वर जातं. "स्वस्तात मिळालं" हा हिशेब तिथेच उलटा होतो.

स्वस्त का मिळालं, हे एकदा समजून घ्या. विक्रेता म्हणतो, मधला माणूस नाही म्हणून. पण नीट वीण करणाऱ्याचा खर्च मादी माजावर येण्याच्याही आधी सुरू होतो. लॅब्रडॉर किंवा जर्मन शेफर्ड असेल तर नर-मादी दोघांच्या खुब्यांचे आणि कोपरांचे एक्स-रे, तेही सहसा गुंगी देऊन, म्हणजे पाय योग्य स्थितीत धरता येतात. मग जनुकीय चाचण्या आणि डोळ्यांची तपासणी. माज आला की प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी दोन-तीनदा. नराची फी, सोनोग्राफी. गाभणकाळ साधारण ६३ दिवसांचा. शेवटच्या टप्प्यात मादीचा आहार वाढतो आणि मोठं वेत पाजताना दुप्पट-तिप्पट होतो. बुलडॉग आणि फ्रेंच बुलडॉगची बाळंतपणं बहुतेक सिझेरियननंच होतात. पुढे आठ आठवडे दर दोन आठवड्यांनी जंताचं औषध, पहिली लस, ओळख पटवणारी चिप, नोंदणी. स्वस्त पिल्लाची किंमत यातलं काय काय गाळलं त्यावर ठरते. गाळलेला खर्च नंतर घेणाऱ्याच्या दारात येतो, आणि तो वाढून येतो. आई-बापाचे एक्स-रे वाचवले आणि खुब्याचा आनुवंशिक दोष पिल्लात उतरला, की पाच-सहा महिन्यांचं पिल्लू मागचे दोन्ही पाय एकदम टाकत सशासारखं पळू लागतं, आणि प्रकरण पुढे खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियेपर्यंत जाऊ शकतं.

चढा भाव हाही पुरावा नाही. तेच न तपासलेलं पिल्लू "चॅम्पियन ब्लडलाइन" म्हणून दुपटीत विकलं जातं. पाच पिढ्यांच्या वंशावळीत ६२ पूर्वज असतात. चॅम्पियन पाचव्या पिढीत असेल तर तो त्या पिढीतल्या ३२ जणांपैकी एक. पिल्लातला त्याचा सरासरी वाटा सुमारे ३ टक्के. किंमत मात्र तो बापच असल्यासारखी लावतात. पदक आई किंवा बापाचं असेल तरच त्यावर बोला, आणि तेव्हाही पदकाआधी खुब्यांचा अहवाल मागा.

आता लसीचं कार्ड. सर्वांत जास्त लबाडी इथे होते, कारण बहुतेक लोक कार्ड उघडून फक्त शिक्के मोजतात. खऱ्या नोंदीत कुपीवरचं स्टिकर असतं, त्यावर लसीचं नाव, बॅच नंबर, मुदत. शेजारी तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक. सहा आठवड्यांच्या पिल्लाच्या कार्डावर "तीनही डोस पूर्ण" दिसलं तर ते खोटं आहे किंवा निरुपयोगी आहे. पहिली लस ६ ते ८ आठवड्यांच्या वयात, नंतर दर २ ते ४ आठवड्यांनी, आणि शेवटचा डोस १६ आठवडे किंवा त्यानंतर. मध्येच का थांबता येत नाही? आईच्या चिकातून आलेली प्रतिपिंडं पिल्लाला सांभाळतात, पण तीच लसीलाही निकामी करतात. ती कुठल्या पिल्लात कधी संपतील हे बाहेरून कळत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा द्यावी लागते. रेबीजच्या बहुतेक लसी १२ आठवड्यांच्या आधी द्यायच्या नसतात. ४५ दिवसांच्या पिल्लाच्या कार्डावर रेबीज लागलेली असेल तर बाकीच्या नोंदींवरही विश्वास ठेवू नका. सगळ्या तारखा एकाच शाईत, एकाच हातानं, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या दिसतात का तेही पाहा. शिवाय लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावी लागते. विक्रेत्यानं स्वतः आणून स्वतः टोचली असेल तर स्टिकर खरं आणि लस मेलेली, असंही होतं. कार्डावरच्या दवाखान्यात फोन करून त्या तारखेला हे पिल्लू आलं होतं का, एवढंच विचारा. विक्रेता फोन करू नका म्हणाला की तुमचं उत्तर मिळालं.

वयही खोटं सांगतात. आठ आठवड्यांच्या आधी पिल्लू आईपासून तोडू नये. भावंडांशी खेळतानाच ते चावा किती जोरात घ्यायचा हे शिकतं. पण पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लं आईचं दूध सोडून खायला लागतात, घाण करतात, त्यांना लस लागते. खर्चाचे आठवडे हेच. म्हणून पाच आठवड्यांचं पिल्लू "दोन महिन्यांचं" म्हणून जातं. तोंड उघडून बघा. आठ आठवड्यांच्या पिल्लाला २८ दुधाचे दात साधारण पूर्ण असतात. समोरचे आणि सुळे आहेत पण दाढा अजून हिरडीतून डोकावताहेत, तर वय कमी आहे. वजनही अंदाज देतं: आठ आठवड्यांचं लॅब्रडॉर साधारण साडेचार ते सात किलोचं असतं. हातापायाच्या काड्या आणि पोट मात्र टम्म, तर ते गुटगुटीत नाही, जंत आहेत. गोलकृमी आईच्या पोटात असतानाच आणि नंतर दुधातून पिल्लात उतरतात, त्यामुळे जंताचं औषध दिलंच नाही असं पिल्लू जवळपास नक्कीच जंतांनी भरलेलं असतं. हे जंत माणसाच्या लहान मुलांनाही होतात. घरात रांगणारं बाळ असेल तर हे हलक्यात घेऊ नका.

आई बघितल्याशिवाय पिल्लू घेऊ नका, हे सगळे सांगतात. दाखवलेली कुत्री खरंच आई आहे का, हे कसं ओळखायचं ते फारसं कुणी सांगत नाही. आठवड्यांपूर्वी व्यालेल्या मादीचे सड लोंबलेले, ओढल्यासारखे असतात, पोटाखालचे केस विरळ झालेले असतात, ती बहुधा अंगानं उतरलेली असते. पिल्लं तिच्याकडे धावतात, आणि ती त्यांना पाजो न पाजो, ओळखते. चकाकत्या केसांची, आवळलेल्या पोटाची, पिल्लांकडे परक्यासारखी बघणारी देखणी कुत्री दाखवायला ठेवलेली असते. "आई दुसरीकडे आहे", "आत्ताच डॉक्टरकडे नेली", "पिल्लं तुम्हाला अर्ध्या रस्त्यात आणून देतो" ही तीन वाक्यं फार ऐकू येतात. तिन्हींचा अर्थ एकच: पिल्लं कुठे आणि कशात वाढली ते तुम्ही पाहू नये. एका जागी पाच-सहा जाती, कुठलीही कधीही तयार, यावरूनही ओळखा. मादी साधारण सहा महिन्यांनी माजावर येते. जो प्रत्येक माजाला तिची वीण करतो तो तिला यंत्रासारखी वापरतो, आणि त्या मादीच्या थकलेल्या शरीराचा परिणाम तुमच्या पिल्लावर उतरतो.

कागदांची फसवणूक जरा गुंतागुंतीची आहे. पहिला प्रकार सरळ: एखाद्या भारदस्त नावाची संस्था विक्रेत्यानंच काढलेली असते आणि प्रमाणपत्रं घरच्या प्रिंटरवर निघतात. दुसरा जास्त धूर्त आहे. मादीला पाच पिल्लं झाली, जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या केनल क्लबला कळवली नऊ. उरलेले चार खरेखुरे नोंदणी कागद दुसऱ्या, बिनकागदी वेतातल्या पिल्लांना जोडले जातात. कागद खरा, क्रमांक खरा, क्लबकडे चौकशी केली तर नोंदही खरी. फक्त पिल्लू ते नव्हे. याला उतारा चिपचा आहे. चिप तांदळाच्या दाण्याएवढी, खांद्यांच्या मध्ये कातडीखाली असते. आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रमांक १५ अंकी असतो. पिल्लू हातात घेण्याआधी स्कॅनर तुमच्यासमोर फिरवून घ्या आणि दिसलेला क्रमांक नोंदणी कागदावरच्या, लसीच्या कार्डावरच्या आणि करारातल्या क्रमांकाशी अंक-अंक जुळवा. आईलाही स्कॅन करायला लावा आणि तिचा क्रमांक खुब्यांच्या अहवालाशी जुळवा, कारण दुसऱ्याच कुत्र्याचा अहवाल वरची ओळ कापून दाखवणं सोपं असतं. मोठी रक्कम देत असाल तर आई-बाप आणि पिल्लाची डीएनए पालकत्व चाचणी करारात लिहून घ्या. गालाच्या आतून फिरवलेला बोळा पुरतो.

एक गैरसमजही काढायला हवा. १९११ साली स्थापन झालेल्या एफसीआय या केनल क्लबांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा शिक्का नाही म्हणून कागद खोटा ठरत नाही. १८७३ चा ब्रिटनचा केनल क्लब आणि १८८४ चा अमेरिकन केनल क्लब एफसीआयचे सदस्य नाहीत आणि त्यांच्या नोंदी मोलाच्या मानल्या जातात. उलट, खरा नोंदणी कागद हाती असला तरी तो फक्त वंश सांगतो. पिल्लू निरोगी आहे असं कुठलाही क्लब त्यावर लिहून देत नाही. "कागदासह" आणि "कागदाविना" असे दोन भाव सांगणाऱ्यापासून दूर राहा. वेत नोंदवलेलं असेल तर प्रत्येक पिल्लाला कागद असतो, आणि नोंदणीची फी त्या दोन भावांतल्या फरकापेक्षा कितीतरी कमी असते. मालकी बदलण्याचा अर्ज विक्रेत्याच्या सहीनं त्याच दिवशी घ्या. "पोस्टानं येतील" म्हटलेले कागद बहुतेक येत नाहीत.

जनुकीय अहवालावर तीन शब्दांपैकी एक असतो: क्लिअर (दोष नाही), कॅरिअर (सदोष जनुकाची एक प्रत), अफेक्टेड (दोन्ही प्रती सदोष). अप्रभावी जनुकाच्या, म्हणजे दोन्ही प्रती सदोष असतील तरच होणाऱ्या, आजारात कॅरिअर कुत्रा स्वतः आजारी नसतो, पण दोन कॅरिअर एकत्र आले तर सरासरी चारातलं एक पिल्लू आजारी निघतं. डोळ्यांचा पडदा हळूहळू झिजवणारा पीआरए हा आजार असाच जातो आणि लॅब्रडॉरमध्ये तो मोठं झाल्यावर दिसतो, तोवर हमी, विक्रेता, सगळं संपलेलं. "आई टेस्टेड आहे" एवढ्यानं समाधान मानू नका. निकाल काय आला, हे विचारा.

दुर्मीळ रंगासाठी जादा पैसे मागणं ही तर उघड लूट आहे. मर्ल, म्हणजे फिक्या अंगावर गडद तुटक डाग, हा रंग दोन मर्ल कुत्र्यांची वीण करून "जास्त" मिळवायला गेलं की सरासरी चारातलं एक पिल्लू दुहेरी मर्ल होतं, म्हणजे त्याला मर्लचं जनुक दोघांकडूनही येतं, आणि त्यात बहिरेपण, डोळे अर्धवट वाढणं सर्रास दिसतं. निळसर-राखाडी रंगाच्या काही कुत्र्यांचे केस पुढे झडतात आणि कातडीचा त्रास जन्मभर राहतो. "टीकप" नावाची जात किंवा उपजात कुठलाच मान्यताप्राप्त क्लब मानत नाही. त्या नावाखाली वेतातलं सर्वांत दुबळं पिल्लू, किंवा वयानं कमी, किंवा उपाशी ठेवलेलं पिल्लू विकलं जातं. त्याची साखर काही तास न खाल्ल्यानंही उतरते, पाय सोफ्यावरून उडी मारल्यानं मोडतो, डोक्याची टाळू भरलेली नसते. यासाठी लोक दुप्पट पैसे मोजतात याचं खरंच वाईट वाटतं.

फोटोवरून इसार मागणारा प्रकार थोडक्यात. पिल्लू जवळपास फुकट, फक्त पाठवणीचा खर्च. मग खास पिंजरा, मग परत मिळणारा विमा, मग विलगीकरण, मग "पिल्लू विमानतळावर उपाशी बसलंय". प्रत्येक रक्कम आधी गेलेल्या पैशांपेक्षा लहान असते, म्हणून माणूस देत जातो. पिल्लू अस्तित्वातच नसतं. तोच फोटो इंटरनेटवर आणखी कुठे आहे ते रिव्हर्स इमेज सर्चनं शोधून बघा आणि थेट व्हिडिओ कॉलवर आजची तारीख लिहिलेला कागद पिल्लाशेजारी धरायला सांगा, मग कॅमेरा आईकडे वळवायला सांगा. कॉल टाळला तर पुढे काही विचारायची गरज नाही.

पिल्लू खरं, निरोगी निघालं तरी एक फसवणूक उरते, ती खर्च न सांगण्याची. विक्रेता म्हणतो, "घरचं उरलंसुरलं खातं, खर्च काही नाही." आकडे असे: कुत्र्याची मूळ ऊर्जेची गरज म्हणजे वजनाच्या किलोंचा पाऊण घात गुणिले ७०. ३० किलोच्या कुत्र्याला ती सुमारे ९०० किलोकॅलरी येते. घरात पाळलेल्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला तिच्या साधारण १.६ पट लागतं, म्हणजे १४०० च्या वर. कोरड्या खाद्यात १०० ग्रॅमला ३५० ते ४०० किलोकॅलरी असतात. म्हणजे दिवसाला जवळपास ३८० ग्रॅम, महिन्याला साडेअकरा किलो, वर्षाला १४० किलोच्या आसपास. ५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला १०० ग्रॅम पुरतं. तुम्ही निवडलेल्या खाद्याचा किलोचा भाव घ्या, या वजनानं गुणा, मग आयुष्यानं गुणा: ग्रेट डेन ७ ते १० वर्षं, लॅब्रडॉर १० ते १२, लहान जाती १२ ते १६. पिल्लाची किंमत त्या आकड्याशेजारी ठेवून बघा. जंताच्या गोळ्या, गोचिडांची औषधं, भूल, सगळं वजनावर ठरतं, त्यामुळे मोठ्या कुत्र्याचं प्रत्येक बिल मोठं. पूडल किंवा शिह त्झू लहान, पण त्यांचे केस दर ४ ते ६ आठवड्यांनी कापावे लागतात, वर्षात नऊ ते तेरा वेळा. लहान जातींचे दात लवकर किटतात, आणि दात साफ करायला भूल लागते. पग आणि बुलडॉगला श्वासाची शस्त्रक्रिया, डॅक्सहुंडला मणक्याची, ग्रेट डेनला पोट पीळ बसल्यावर काही तासांत करावी लागणारी, असे खर्च त्या जातीच्या शरीरातच लिहिलेले आहेत. यासाठी दर महिन्याला वेगळी रक्कम बाजूला पडते का, हे पिल्लू बघायला जाण्याआधी ठरवा. बघितल्यावर कुणाला ठरवता येत नाही.

जाता जाता विक्रेता पिशवीभर "किट" विकतो: कॅल्शियमचं सिरप, लिव्हर टॉनिक, "हाडं जाड करणारी" पावडर. मोठ्या जातीच्या पिल्लाला कॅल्शियम देऊ नका. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू जादा कॅल्शियम आतड्यात थोपवू शकत नाही, मिळेल तेवढं शोषून घेतं, आणि त्यानं हाडांची वाढ बिघडते, पाय वाकडे होतात. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी बनवलेल्या पूर्ण आहारात ते मोजून घातलेलं असतं. "हेवी बोन" दिसावं म्हणून वर ओतलेलं सिरप त्याच हाडांचं नुकसान करतं.

फसल्याचं लक्षात आलं तर क्रम चुकवू नका. पिल्लू आणलं त्याच दिवशी, जास्तीत जास्त दुसऱ्या दिवशी, तुमच्या स्वतःच्या डॉक्टरकडून तपासून लेखी नोंद घ्या: वजन, ताप, दात पाहून अंदाजे वय, हृदयाचा आवाज, टाळू, बेंबीचा हर्निया, नर असेल तर दोन्ही वृषणं उतरली आहेत का, चिपचा क्रमांक. आजार दिसला तर चाचणीचा अहवाल तारखेसह मागा. जाहिरात, संभाषणं, पैसे पाठवल्याची पावती यांचे स्क्रीनशॉट विक्रेत्याला जाब विचारण्याच्या आधी काढून ठेवा. जाब विचारल्यावर जाहिरात पाच मिनिटांत नाहीशी होते. पिल्लू दगावलं तर मन घट्ट करून शवविच्छेदन करून घ्या, कारण त्याशिवाय "तुम्हीच काहीतरी खायला घातलं" या उत्तराला तोड नसते. नोंदणी करणाऱ्या क्लबला लेखी कळवा, बनावट कागदांची माहिती त्यांनाही हवीच असते.

पार्वो निघाला असेल तर भांडी, अंथरूण, पट्टा, जे जाळता किंवा टाकता येईल ते काढा. फरशी आधी साबणानं धुऊन घाण काढा, मग घरगुती ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे तीस भाग असं मिश्रण करून निदान दहा मिनिटं ओलं ठेवा. साधं फिनेल या विषाणूला मारत नाही. माती आणि बाग अशी धुता येत नाही, तिथे तो अनेक महिने, वर्षभरही टिकतो. म्हणून लसींचा क्रम पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू त्या घरात आणू नका. आणि विक्रेत्याकडून त्याच वेतातली बाकीची पिल्लं घेऊन गेलेल्यांपैकी कुणाचा नंबर तुमच्याकडे असेल तर त्याच संध्याकाळी फोन करा. त्यांचं पिल्लू कदाचित अजून फक्त "रुळत" असेल.